वाचकांचे प्रश्न : रुईचं झुडूप आणि कॅमेरा

होळीच्या सुमाराला माळावर किड्यांचे फोटो काढणाऱ्यांची पत्रं वाढतात. त्यातले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आहे. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं टिपणारी) परवडत नाही. काय करावं? (जुळे सोलापूर)

एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. ही नुसती पोकळ नळी, आत काच नाही. लेन्स सेन्सरपासून (कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग) लांब सरकते आणि म्हणून जवळचं फोकस होतं. झूम ५५वर ठेवून २५ मिमीची नळी लावली, तर एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवर निदान साडेचार मिमीचा उतरतो. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. झूम १८वर मात्र नेऊ नका. तिथे फोकस लेन्सच्या काचेलाच टेकतो आणि काहीच स्पष्ट दिसत नाही. घेताना नळीत पितळी पिना आहेत ना, ते बघा. बिनपिनांची स्वस्त नळी लावली की बहुतेक कॅमेऱ्यांवर अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्समधलं छिद्र) बदलताच येत नाही.

प्रश्न : रुईवरच्या काळ्या भुंग्याचे फोटो फ्लॅश लावून काढले. मागचं सगळं काळंकुट्ट, भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग आणि डोळे सोडून बाकी अंग धूसर. चूक कुठे होते? (बार्शी)

या तीन वेगवेगळ्या चुका आहेत.

काळी पार्श्वभूमी आधी घेऊ. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. किडा वीतभर अंतरावर आणि मागचं शेत पन्नास फुटांवर असेल, तर शेतापर्यंत काही पोचत नाही. कोन बदलून किड्याच्या मागे चार-सहा इंचांवर रुईचंच एखादं पान येईल असं बघा. नाहीतर शटरचा वेग १/२०० सेकंदावरून १/८०वर आणा आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० करा, म्हणजे सकाळचा उजेडही फोटोत उतरेल.

पांढरा डाग म्हणजे तुमच्या फ्लॅशचंच प्रतिबिंब. भुंग्याची पाठ आरशासारखी असते. उजेड मोठ्या पृष्ठभागावरून आणि जवळून आला की डाग पसरून मऊ होतो. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम घ्या, त्याचे वहीच्या पानाएवढे दोन थर करा आणि त्यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. दोन्ही थर एकमेकांना चिकटवले तर मधोमध पुन्हा डाग दिसतो. इथेच बहुतेक जण फसतात. फोम उजेड खातो, म्हणून फ्लॅशची ताकद मॅन्युअलवर १/१६ऐवजी १/४ करून बघा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा काळ्या भुंग्याला राखाडी करू बघतो; तेव्हा फ्लॅश दोन तृतीयांश स्टॉपने उतरवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

धूसरपणाला मात्र इलाज थोडाच. किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढाच उतरत असेल, तर फुलफ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर एफ ११ ठेवूनही (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) जेमतेम सव्वा मिमी खोली स्पष्ट येते. एफ ३२ केलं तर खोली वाढते, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळा फोटोच मऊ पडतो. त्यापेक्षा कॅमेरा किड्याच्या कुशीला समांतर धरा. ऑटोफोकस बंद करा, श्वास सोडून अंग हळूच पुढे-मागे झुलवा आणि डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबा. आठ-दहातला एक फोटो जमला तरी हात बरा बसलाय म्हणायचं.

प्रश्न : सोलापूरच्या आसपास मार्च-एप्रिलमध्ये कुठे जावं? (होटगी रस्ता)

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेऊन जा आणि वाट सोडू नका. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांत ओळखू येत नाहीत. एखाद्या दगडावर नर सरडा गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा फुलवताना दिसला, तर मॅक्रो बाजूला ठेवून ३०० मिमीची लेन्स काढा. (अशा काही सरड्यांच्या प्रजातीला २०१६मध्ये शास्त्रीय नाव दिलं गेलं तेही ‘सरडा’च, आपल्या मराठीतलं.) चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे किडे) हिप्परगा तलावाच्या काठाला.

पण नवशिक्याने आधी बांधावरचं रुईचं एक झुडूप धरावं. फुलांवर भुंगे, कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा आणि त्याच्यामागे ढालकिडे (लेडीबर्ड). पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, तीन जोड काळ्या शिंगांची अळी सापडली, तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. भुंग्यामागे धावू नका. एका घोसावर फोकस लावून थांबा, तो परत येतो. पान मोडलं तर चीक हाताला लागतो आणि तोच हात डोळ्याला गेला की डोळ्याला इजा होते, तेव्हा पाणी जवळ हवं. गुडघा टेकण्याआधी काठीने जागा चाळा. माळावर फुरसं (विषारी साप) असतं.

प्रश्न : किडा हलू नये म्हणून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो का? (अक्कलकोट)

नाही. त्याचे पाय पोटाशी आखडतात, मिशा पडतात आणि जाणकार फोटो बघताच ओळखतो. शिवाय तो मरूही शकतो. सूर्य उगवायच्या आधी, सव्वासहाला, माळावर पोचा आणि वाळक्या काड्यांची टोकं बघत चला. निळ्या पट्ट्यांची मधमाशी काडीला जबड्याने घट्ट चावून, पाय मोकळे सोडून झोपलेली सापडेल. ऊन अंगावर येईपर्यंत ती हलत नाही.