एनटीपी चालू असूनही मशीनच्या वेळा जुळत नाहीत, पीटीपीचे स्विच घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की गोकुळ शिरगावच्या कारखान्यात तीन कंट्रोलर आणि एक डेटाबेस सर्व्हर आहे, सगळ्यांवर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) चालू आहे, तरी लॉग एकत्र लावले की कन्व्हेअर थांबल्याची नोंद आधी येते आणि सेन्सरने सिग्नल दिल्याची नंतर. फरक ५ ते १० मिलिसेकंदांचा. मी कोल्हापुरातच कारखान्यांच्या नेटवर्कची कामं करतो, त्यामुळे हे चित्र ओळखीचं आहे. पीटीपीच्या, म्हणजे त्याहून अचूक वेळ जुळवणाऱ्या पद्धतीच्या, स्विचची ऑर्डर अजून देऊ नका. ही चारही यंत्रं वेळ कुठून घेताहेत ते आधी बघा. बहुतेक प्रत्येक जण आपापला इंटरनेटवरचा वेगळा सर्व्हर गाठत असणार.

एनटीपीचा हिशेब चार वेळांवर चालतो: मशीनने विचारलं ती वेळ, सर्व्हरला प्रश्न पोचला ती, सर्व्हरने उत्तर सोडलं ती आणि उत्तर परत मिळालं ती. यातून जाऊन येऊन प्रवासाला किती लागलं ते नीट कळतं. जायला किती आणि यायला किती, हे मात्र कळत नाही, म्हणून एनटीपी सरळ निम्मं-निम्मं धरतं. जोतिबाला जाऊन यायला गाडीवर दीड तास गेला, तर डोंगर चढायला आणि उतरायला पाऊण-पाऊण तासच लागला असं म्हणण्यासारखं आहे हे. समजा, पॅकेटला (नेटवर्कवरून जाणाऱ्या संदेशाला) जायला २ मिलिसेकंद लागले आणि यायला १०. तुमचं घड्याळ ४ मिलिसेकंदांनी चुकतं आणि स्क्रीनवर ऑफसेट, म्हणजे सर्व्हरशी असलेला फरक, जवळजवळ शून्य दिसतो. दुसरा कंट्रोलर वेगळ्या सर्व्हरकडे जात असेल तर त्याची चूक उलट्या दिशेची असू शकते. तुमचे ५ ते १० मिलिसेकंद इथूनच येत असावेत.

डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये एनटीपीचा पहिला मसुदा मांडला, तेव्हापासून ही मर्यादा आहे. सॉफ्टवेअर कमीत कमी वेळ लागलेली पॅकेटं निवडून रांगेतला उशीर बराच टाळतं. पण वाटच कायमची एकीकडे लांब असेल तर ते घड्याळाला आतून कळायला मार्गच नाही. खात्रीने एवढंच सांगता येतं की सर्व्हर स्वतः बरोबर असेल तर या कारणाने होणारी चूक जाण्या-येण्याच्या एकूण वेळेच्या निम्म्याहून जास्त नसते. म्हणून तो एकूण वेळच कमी करायचा.

फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. सर्व्हर दिल्लीत असेल तर कोल्हापूरपासून अंतर सरळ रेषेतच १३०० किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे एका बाजूला किमान साडेसहा मिलिसेकंद, वर राउटरच्या रांगा. तुमच्याच लॅनवरच्या (कारखान्यातल्या नेटवर्कवरच्या) सर्व्हरपर्यंत जाऊन यायला एक मिलिसेकंदही लागत नाही. शेडच्या छतावर जीपीएस अँटेना, खाली एका साध्या लिनक्स मशीनवर क्रोनी हे एनटीपीचं सॉफ्टवेअर, आणि सगळ्या यंत्रांना तोच एक पत्ता. अँटेनाच्या केबलला वीज पडण्यापासून वाचवणारा अरेस्टर बसवाच, आपल्याकडचा वळीव ठाऊक आहे तुम्हाला. पडताळणीसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे किंवा एनआयसीचे (सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्राचे) सर्व्हर जोडून ठेवा. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही वेळ या दोन संस्थांशी जुळलेली असावी असं आहे. एकूण स्रोत तीनपेक्षा कमी नकोत, कारण दोघांचं पटेनासं झालं तर चुकीचा कोण हे ठरवता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी फौंड्रीत फार जाणवते. मशीनच्या घड्याळातल्या क्वार्ट्झ स्फटिकाचा वेग तापमानाने बदलतो. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० भागांचा) फरक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. एनटीपी हा फरक शिकून भरून काढतं, पण भट्टी पेटल्यावर पॅनेल तापलं की शिकलेलं लागू पडत नाही. त्यात मशीन १०२४ सेकंदांनी एकदा वेळ विचारत असेल, तर वेगात नुसता १ पीपीएमचा बदल झाला तरी मध्ये एक मिलिसेकंद सरकतो. सर्व्हर तुमचाच आहे, तेव्हा दर ६४ सेकंदांनी किंवा त्याआधीही विचारू द्या. सार्वजनिक सर्व्हरला मात्र असा त्रास देऊ नका.

पीटीपी, म्हणजे आयईईई १५८८, पहिल्यांदा २००२ मध्ये आलं. ते वेळेचा शिक्का नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअरमध्ये मारतं, आणि स्विचमध्ये पॅकेट किती थांबलं तेही हिशेबात धरता येतं, म्हणून मायक्रोसेकंदाच्या आत जाता येतं. पण वाटेतला प्रत्येक स्विच त्या जातीचा हवा. साधा स्विच मध्ये आला की पैसे वाया. जाण्या-येण्याची वाट सारखी आहे हे गृहीतक त्यातही आहेच. अनेक सर्व्हो मोटरींचे अक्ष एका तालात चालवायचे असतील, किंवा साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीत फेझर (विजेच्या लहरीची उंची आणि कोन) मोजायचे असतील, तर पीटीपी जरूर घ्या. ५० हर्ट्झवर नुसती ३२ मायक्रोसेकंदांची चूक फेझरच्या मापात एक टक्का खाते. कन्व्हेअरच्या लॉगला ते लागत नाही.

आधी काय घडलं हे मात्र नुसत्या वेळेवरून ठरवू नका. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवलं की क्रम लावायला संदेशासोबत वाढत जाणारा आकडा पाठवला तरी पुरतं. गूगलचा स्पॅनर डेटाबेस अणुघड्याळं आणि जीपीएस वापरूनही वेळ एका आकड्यात सांगत नाही, ‘या दोन क्षणांच्या मधे’ अशी सांगतो, आणि तेवढी अनिश्चितता सरेपर्यंत व्यवहार थांबवून ठेवतो. तुमच्या सेन्सरच्या संदेशात एक क्रमांक घाला आणि कन्व्हेअरच्या नोंदीत तो उतरवून घ्या. मग घड्याळ काहीही म्हणो, कोणती घटना कोणत्या सिग्नलमुळे झाली ते लॉगमध्येच दिसेल.

क्रोनीच्या ट्रॅकिंगमध्ये रूट डिले (मूळ स्रोतापर्यंत जाण्या-येण्याचा वेळ) आणि रूट डिस्पर्शन (वाटेत साचलेली अनिश्चितता) असे दोन आकडे असतात. पहिल्याचं निम्मं अधिक दुसरा, एवढी चूक धरून चाला. चारही यंत्रांचे हे आकडे आणि स्विचचं मॉडेल इथे टाका, बघून सांगतो.