रिक्षाचं बिल कुठल्या हेडखाली?

मुली, दलित-आदिवासी आणि दिव्यांग विद्यार्थी विज्ञान-अभियांत्रिकीत यावेत आणि टिकावेत म्हणून सरकारी अनुदानं असतात, पण ती मागायची कशी हेच लोकांना कळत नाही, असं गेल्या महिन्यात या सदरात मी ओझरतं लिहून गेले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवले. नव्या वाचकांसाठी सांगते, मी शास्त्रज्ञ नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या प्रकल्प-लेखा विभागात २९ वर्षं होते. शास्त्रज्ञांनी प्रकल्प आणायचे आणि आम्ही त्यांची बिलं अडवायची, असा तो मामला. तेव्हा माझी उत्तरं बिलांच्या बाजूने येतात, सांभाळून घ्या.

प्रश्न : आमच्या कॉलेजात जुन्नरच्या पश्चिम भागातल्या आदिवासी मुली बीएस्सीला येतात. पहिल्या वर्षाला २०-२२ असतात, तिसऱ्या वर्षापर्यंत पाच-सहा उरतात. त्यांच्यासाठी ‘विज्ञानाची गोडी’ असा प्रकल्प पाठवला होता. त्यात व्याख्यानं, प्रदर्शन, खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीला भेट आणि पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेत एक दिवस, असं सगळं होतं. ‘उद्दिष्टे मोघम’ असा शेरा येऊन परत आला. काय चुकलं?
— एक प्राध्यापिका, जुन्नर

उत्तर : शेरा बरोबर आहे, मॅडम. रागावू नका. घाटघर-अंजनावळ्याकडून एसटीने येऊन जी मुलगी सायन्स घेते, तिला गोडी कमी आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? गोडी नसती तर ती आर्ट्सला गेली असती, तिथे संध्याकाळपर्यंत प्रॅक्टिकलला थांबावं लागत नाही. खोडदला जरूर न्या. ४५ मीटर व्यासाची तबकडी जवळून बघण्यासारखीच आहे, आणि अशा त्या परिसरात ३० आहेत. पण त्या सहलीने पहिल्या वर्षाची मुलगी तिसऱ्या वर्षाला पोचत नाही.

माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगते. महापालिकेच्या शाळांमधल्या आठवी-नववीच्या २४ मुली दर शनिवारी आमच्या प्रयोगशाळेत येणार आणि वर्षभर काम करणार, असा एक प्रकल्प होता. शिकवणाऱ्या बाई जीव ओतून शिकवायच्या. दिवाळीनंतर हजेरी नऊवर आली. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना हलवल्या. मुलींना कंटाळा आला, घरच्यांना महत्त्व नाही, वगैरे वगैरे. त्याच मुलींचा एक लखोटा तेव्हा माझ्याकडे पडून होता. आत पीएमपीची पातळ तिकिटं एका फुलस्केपवर ओळीने चिकटवलेली, प्रत्येक ओळीपुढे एकेकीची सही. जाताना दोन बस, येताना दोन. पैसे मुलीने आधी घालायचे, तिकिटं जपून ठेवायची आणि आम्ही ते तीन महिन्यांनी परत करायचे, अशी आमची पद्धत. आता तसल्या तिकिटावरची शाई तीन महिने टिकते होय? निम्म्या तिकिटांवर काहीच दिसत नव्हतं. ‘रक्कम अवाच्य, दुसरी प्रत जोडावी’ असं त्यावर लाल पेनाने मीच लिहिलं होतं. बसच्या तिकिटाची दुसरी प्रत!

थंडीत अंधार लवकर पडायला लागला तसं बाईंनी मुलींना रिक्षाने घरी पोचवायला सुरुवात केली. रिक्षावाले पावती देत नाहीत, म्हणून बाईंनी स्वतःच्या सहीची व्हाउचरं लावली. ऑडिटने ती काढून टाकली, कारण प्रवासाच्या हेडखाली, म्हणजे बजेटातल्या प्रवासखर्चाच्या सदराखाली, पैसे होते ते बाईंनी परिषदांना जाण्यासाठी, मुलींनी घरी जाण्यासाठी नव्हे. केमिकल्सच्या हेडमधून थोडे पैसे इकडे वळवू द्या, असं पत्र दिल्लीला गेलं. परवानगी आली एप्रिलमध्ये, तेव्हा शाळांच्या परीक्षा चालू होत्या.

पुढच्या प्रकल्पात बाईंनी ‘सहभागी मुलींचा स्थानिक प्रवास’ अशी वेगळी ओळच बजेटमध्ये घातली. शनिवारी सकाळी आल्या आल्या सही घेऊन पैसे हातात. मार्चपर्यंत १९ मुली टिकल्या. शिकवणाऱ्या बाई त्याच होत्या आणि प्रयोगही तेच.

म्हणून प्रस्तावाला हात लावण्याआधी जुने हजेरीपट काढा आणि गळलेल्या पंधरा-सोळा मुलींना एकेक करून फोन करा. कुणी जुलैत भाताच्या लावणीमुळे पहिला महिना आलीच नसेल आणि मग मागे पडली ती पडलीच. कुणाला वसतिगृहाची यादी लागेपर्यंत राहायला जागा नसेल. कुणाचं प्रॅक्टिकल सुटायच्या आत शेवटची एसटी जात असेल. कुणी दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, तिला इंग्रजी जर्नल लिहिताना धाप लागत असेल. मी अंदाज करते आहे, तुम्ही विचारा. जे कारण चार जणींकडून येईल त्याची बजेटमध्ये एक ओळ करा. जुलैतली बुडालेली प्रॅक्टिकल ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यायची असतील तर त्या बॅचचं साहित्य आणि सहायकाचं मानधन दाखवा. तिसऱ्या वर्षाची मुलगी पहिल्या वर्षाच्या मुलींना मराठीतून समजावणार असेल तर तिलाही मानधन धरा, फुकट राबवू नका. आणि उद्दिष्टात ‘गोडी निर्माण करणे’ लिहायचं नाही. ‘या तुकडीतल्या २२ पैकी किमान १५ जणी तिसऱ्या वर्षाची परीक्षा देतील’ असं लिहा. मोघम म्हणायची कुणाची टाप आहे बघू.

आणखी एक. तुमच्या भागात हिरडा आहे. या मुली लहानपणापासून बाळहिरडा गोळा करतात. कोणता केव्हा तोडायचा, कसा वाळवायचा, व्यापारी कुठला बाजूला काढतो हे त्यांना तुमच्या-माझ्याहून जास्त कळतं. त्यातल्या टॅनिनचं, म्हणजे तुरट द्रव्याचं, प्रमाण मोजणं बीएस्सीच्या प्रयोगशाळेत होण्यासारखं आहे. एखादा तरी प्रयोग असा असू द्या जिथे मास्तरांना त्यांना विचारावं लागेल.

पाठवायचं कुठे, तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागातल्या ‘सीड’ शाखेकडे अनुसूचित जाती-जमातींच्या लोकवस्तीसाठीच्या प्रकल्पांचा निधी असतो. कॉलेजची प्रयोगशाळाच सुधारायची असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाची ‘स्टार कॉलेज’ योजना बघा. तुम्ही स्वतः अनुसूचित जाती-जमातीतल्या असाल आणि संशोधन करायचं असेल, तर अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं ‘इन्क्लुझिव्हिटी रिसर्च ग्रँट’ आहे.

प्रश्न : मी सीओईपीचा जुना मेकॅनिकल इंजिनिअर. विज्ञानाला जात नसते आणि लिंगही नसतं. ज्याच्यात धमक आहे तो पुढे येतोच. मग हे वेगळे पैसे कशाला? अमेरिकेतही हे आता बंद करतायत, असं माझी नात तिथून सांगते.
— एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : काका, नात सांगते ते खरं आहे. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०२५ च्या एप्रिलपासून मंजूर झालेली शेकडो अनुदानं मध्येच थांबवली, आणि त्यात या कामाची पुष्कळ होती. मात्र त्याच संस्थेने १९९१ पासून अल्पसंख्य समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी आणि २००१ पासून विद्यापीठांतल्या स्त्री-प्राध्यापकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवले. १९९७ पासून तर प्रत्येक प्रस्ताव दोन कसोट्यांवर तपासला जातो, एक शास्त्रीय गुणवत्ता आणि दुसरी त्याचा समाजाला होणारा उपयोग. एवढी वर्षं चालवलेलं काम एका वर्षात थांबवलं म्हणून ते मुळात चुकीचं होतं असं ठरत नाही. अर्धवट प्रकल्पाचे पैसे थांबले की काय होतं ते मी पाहिलंय. आधी जातो तो कंत्राटी सहायक, आणि बहुतेक वेळा ती सहायक असते.

आता धमक. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, लग्नाआधीच्या भागवत, मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी घेऊन १९३३ मध्ये बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या दारात उभ्या राहिल्या. तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. हे आपण सगळे कौतुकाने सांगतो. पण त्यांचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, हे सांगायचं राहून जातं. घरात दोन-दोन जणांना ती संस्था आतून माहीत असताना त्यांना हट्ट धरून बसावं लागलं. जिच्या घरात कुणी प्रयोगशाळेचं दार पाहिलेलं नाही, ती पहिल्याच नकाराला घरी जाते, आणि तिची धमक किती होती हे मोजायला कुणी उरत नाही.

आकडेच हवेत तर घ्या. २०२०-२१ मध्ये देशात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यात मुली २९.५ लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त. संशोधन-विकासाच्या कामात थेट असलेल्यांमध्ये बायका मात्र २०१८ च्या मोजणीत १६.६ टक्के. वर्ग आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या जिन्यावर कुणीतरी सांडतंय, काका. वेगळे पैसे त्या जिन्यासाठी आहेत.

प्रश्न : वय ४२. सेंद्रिय रसायनात पीएचडी. मुलगा आणि मग सासूबाईंचं आजारपण यांत नऊ वर्षं गेली. आता परत यायचं आहे, पण बायोडेटातली ती नऊ वर्षं कशी भरू?
— पिंपळे सौदागर

उत्तर : भरू नका. ‘कौटुंबिक जबाबदारीमुळे खंड’ एवढं लिहा आणि पुढच्या ओळीवर जा. पानभर क्षमायाचना केलेले अर्ज मी पाहिलेत. वाचणाऱ्याला त्याने अवघडल्यासारखं होतं, दुसरं काही होत नाही.

तुमच्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ‘वाईज-किरण’ योजनेखालची ‘वाईज-पीडीएफ’ ही पीएचडीनंतरच्या संशोधनाची फेलोशिप आहे, पीएचडी झालेल्या २७ ते ६० वयाच्या स्त्रियांसाठी. पीएचडी करायची राहिलेल्या मैत्रिणीला सांगा, तिच्यासाठीची ‘वाईज-पीएचडी’ २७ ते ४५ पर्यंत आहे. प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहणं आता जमणार नसेल तर ‘वाईज-आयपीआर’मध्ये पेटंटच्या कामाचं वर्षभराचं प्रशिक्षण मिळतं. रसायनातल्या माणसाला ते काम चांगलं साधतं आणि बरंचसं घरून करता येतं.

अर्जाला सगळ्यात जास्त वेळ कशात जातो माहीत आहे? तुम्हाला जागा द्यायला तयार असलेला शास्त्रज्ञ शोधण्यात. नुसत्या ईमेलला उत्तर येत नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), आयसर ही विज्ञानसंस्था, विद्यापीठाचा रसायन विभाग, सगळं तुमच्या घरापासून तासाभरात आहे. खुली व्याख्यानं असतात, त्यांना जाऊन बसा, नंतरच्या चहाला थांबा आणि गेल्या दोन वर्षांतला त्यांचा एखादा पेपर वाचून एक प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी ईमेल टाका. आणि संमतीपत्रावर संस्थाप्रमुखाची सही लागते ती शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. तो गृहस्थ नेमका त्याच आठवड्यात दिल्लीला असतो, हा माझा २९ वर्षांचा अनुभव.

प्रश्न : मी टेम्पो चालवतो. मोठीला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल, धाकटीला पायाचं अपंगत्व आहे, ती डिप्लोमाला जाईल. काय मिळू शकतं?
— हडपसर

उत्तर : दादा, मोठीसाठी एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, ‘प्रगती’ शिष्यवृत्ती : वर्षाला ५० हजार, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. धाकटीचं प्रमाणपत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ‘सक्षम’, तेही ५० हजार. दोन्ही अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचे. शिवाय ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल तर २०२४-२५ पासून राज्य सरकार मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भरतं, मात्र उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, हवा. अनुसूचित जातीचे असाल तर क्वीन्स गार्डनला बार्टीत, म्हणजे राज्याच्या डॉ. आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेत, एक चक्कर मारा. उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर रांग असते.

प्रश्न : आमच्या मुलींच्या रोबोटिक्स प्रकल्पाच्या खात्यावर १,१४० रुपये व्याज जमा झालंय. शेवटच्या दिवशी त्यातून मुलींना समोसे दिले तर चालेल का?
— एक शिक्षक, भोर

उत्तर : नाही. अनुदानावरचं व्याज सरकारचं. ते भारतकोश या सरकारी पोर्टलवर भरायचं आणि पावती यूसीला, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्या प्रमाणपत्राला, जोडायची. यूसी फॉर्म १२-अ मध्ये असतं, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिने मिळतात म्हणून तुम्ही अकरा महिने थांबू नका, पुढचा हप्ता त्यावरच अडतो. समोशांसाठी बजेटमध्ये कार्यशाळेची ओळ आहे का बघा. त्यात ‘अल्पोपाहार’ हा शब्द असेल तर द्या, हजेरीच्या सह्या घ्या आणि दुकानदाराकडून तारीख घातलेलं पक्कं बिल मागा. शब्द नसेल तर समोसे तुमच्या खिशातून.