ट्रॉफ्या माळ्यावर टाकून अभ्यास होत नाही

सप्रेम नमस्कार,

मुलाच्या बास्केटबॉलबद्दल 'वाया गेलेली पाच वर्षं' हे शब्द तुमच्या पत्रात चार वेळा आलेत. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन मात्र एकदाच, तेही कंसात. मला काळजी वाटली ती या कंसाची.

मुलगा 24 वर्षांचा. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार, आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद, मग लिगामेंट फाटलं आणि खेळ संपला. तुम्ही त्याला दादरच्या एमपीएससी क्लासला घातलंत आणि 'मन लागावं म्हणून' ट्रॉफ्या, बूट सगळं माळ्यावर टाकलंत. आता तो पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघत बसतो, ही तुमची तक्रार. अहो, बसणारच. घरात कुणी गेलं तर आपण तेरा दिवस माणसाला कामाला जुंपत नाही. या मुलाचं काय गेलं, हे त्याला कुणी विचारलंय का? बेस्टच्या नोकरीत तुम्ही खस्ता खाल्ल्यात, त्यामुळे त्याला सरकारी खुर्ची मिळावी असं वाटणं मला कळतं. पण ती इच्छा तुमची आहे. फी भरली म्हणून ती त्याची होत नाही.

'मोठं नाव झालं असतं तर ठीक होतं,' असंही लिहिलंत. बास्केटबॉलपटू सतनाम सिंगला 2015 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या डॅलस संघाने निवडलं, असा तो पहिलाच भारतीय. पुढे तोही अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला. नाव झालं तरी दुसरा डाव मांडावा लागतोच.

आता 'स्पोर्ट्स कोट्यातून चिकटेल' या समजाबद्दल. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण परीक्षा द्यावीच लागते, आणि ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावी लागते. केंद्राच्या क गटातल्या खेळाडू भरतीत विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेली चालते. नुसतं कॉलेजचं विजेतेपद त्यात बसत नाही. तो विद्यापीठाच्या संघात होता का, हे पत्रात नाही. आधी त्याच्या प्रमाणपत्रांची फाइल उघडून बघा. आणि रेल्वेसारख्या ठिकाणी खेळाडू घेतात ते त्यांच्या संघातून खेळायला, कोर्टवर ट्रायल घेऊन. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर त्या नोकरीचा हिशेब मांडू नका.

माझ्या दृष्टीने पत्रातली कामाची ओळ शेवटची आहे, तीही तुम्ही वैतागून लिहिलेली: 'संध्याकाळी नागपाड्याला जाऊन पोरांना फुकट शिकवतो.' किती दिवस? 'वर्षभर, एक दिवस चुकवत नाही.' म्हणजे ज्याचं कशातच मन लागत नाही असं तुम्ही म्हणता, तो वर्षभर एका कामाला नेमाने जातोय! तेही कुठे, तर नागपाड्यात. भारताच्या बास्केटबॉल संघाचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच वस्तीतले. तिथली पोरं खेळ न कळणाऱ्याला चार दिवससुद्धा उभं करणार नाहीत.

प्रशिक्षणात पैसा लगेच नाही, हे स्पष्ट सांगतो. सुरुवातीला दोन शाळा, एखादी सोसायटी, सुट्टीतली शिबिरं अशी जुळवाजुळव असते, आणि मे महिना बरा गेला तरी जुलैच्या पावसात उघडी मैदानं बंद. म्हणून हाताशी पात्रता हवी. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आधी करू दे. हे काम आयुष्यभर जमेल का, ते त्याचं त्यालाच कळेल. जमतंय वाटलं तर तिथलाच वर्षाचा डिप्लोमा. शाळेत कायम नोकरी हवी तर दोन वर्षांचं बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी. एमपीएससी करायचीच असेल तर त्याने स्वतः म्हणू दे.

तुम्ही मात्र एक करा. एखाद्या संध्याकाळी भायखळ्याला उतरून नागपाड्यापर्यंत चालत जा आणि कडेला उभं राहून त्याला शिकवताना बघा. येताय हे त्याला आधी सांगू नका. मग मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात दोन ओळी त्याच्या हातच्या असू द्या.