शिश्वांगबान्नाचं दाय पार्क बघण्यासारखं आहे का, की नुसतं पर्यटकांसाठी उभं केलेलं गाव?

नक्की जा, पण फक्त पाण्याच्या खेळासाठी नको. चीनच्या युन्नान प्रांतातल्या शिश्वांगबान्ना भागात, जिंगहोंग शहरापासून साधारण तासाभरावर गानलानबाला हे पार्क आहे. तिकीट काढून आत गेलात तरी आत पाच खरी गावं आहेत आणि तिथे दाय या स्थानिक समाजाची कुटुंबं आजही राहतात.

पाणी उडवण्याचा कार्यक्रम रोज होतो. तो सरळसरळ पर्यटकांसाठीच, तरी मजा येते. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. खरा सण एप्रिलच्या मध्यावर, दाय नववर्षाला. तेव्हा गर्दी प्रचंड असते.

माझ्या मते खरी गंमत गल्ल्यांमध्ये आहे. खांबांवर उभी घरं, वर माणसांचा वावर, खालच्या मोकळ्या जागेत दुचाकी, सरपण, पूर्वी गुरं. कुणी वर बोलावलं तर चपला काढून जा, झोपायच्या खोलीत डोकावू नका. तिथे ते फार वाईट मानतात. या पाचांपैकी मानचुनमान गावातला बौद्ध विहार अजिबात चुकवू नका. हे लोक आपल्या शेजारच्या श्रीलंकेसारखे थेरवादी बौद्ध, धर्मग्रंथ पालीतले आणि परंपरेने ताडपत्रावर कोरलेले. चीनमध्ये हे बघताना आपल्याला फार जवळचं वाटतं.

जेवण तिथल्याच एखाद्या घरी घ्या: गवती चहाच्या पातीने बांधून निखाऱ्यावर भाजलेला मासा, अननसात शिजवलेला चिकट भात. शाकाहारी असाल तर आधीच स्पष्ट सांगा. युन्नानची राजधानी कुनमिंगहून आता शिश्वांगबान्नाला थेट रेल्वे आहे. सकाळी लवकर पोहोचा, दुपारी ऊन फार लागतं.