आधी ओळंबा, मग ट्रिम टॅब

पाऊस सरला, शेडची दारं उघडली की घरी विमान बांधणाऱ्यांची पत्रं सुरू होतात. या वेळची बहुतेक पत्रं जुळणी आणि ट्रिमबद्दल, म्हणजे हात सोडला तरी विमान सरळ उडावं यासाठीच्या बारीक दुरुस्तीबद्दल, आहेत. उत्तरांत धरून चाललोय की डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी हातात असल्याशिवाय कुणी चाक जमिनीवरून उचलत नाही.

प्रश्न (कराड) : आमच्या शेजारी-शेजारी बसायच्या दोन आसनी विमानाची चाचणी उड्डाणं चालू आहेत. कंट्रोल स्टिकवरचा हात काढला की उजवा पंख खाली जातो. दोन्ही टाक्या सारख्या भरल्या, तरी तेच. पायलट डावीकडे एकटाच असतो. एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पाळीला) टॅब (छोटी पट्टी) लावू का, आणि कुठल्या बाजूला?

टॅब लावून विमान सरळ जाईलही, पण दुखणं आत तसंच राहील. तुमच्या पत्रातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. पायलट एकटा डावीकडे बसतो, म्हणजे झुकायचंच तर विमानाने डावीकडे झुकायला हवं. ते उजवीकडे झुकतंय, याचा अर्थ डावा पंख उजव्यापेक्षा बराच जास्त उचलतोय. हे वजनाचं नाही, जुळणीचं काम आहे.

पुढच्या उड्डाणात पायाने बॉल (आडवी घसरण दाखवणाऱ्या नळीतली गोळी) मधोमध आणा आणि मग हात सोडा. पंख सपाट राहिले तर दोष रडरचा, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलत्या पाळीचा. विमान आडवं घसरत उडत असलं की एक पंख आपोआप खाली जातो. बॉल मधोमध असूनही उजवा पंख पडला, तर विमान शेडमध्ये घ्या.

आता गवंड्याकडची लेव्हलची नळी आणा. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरा, बुडबुडा एकही राहू देऊ नका आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा. आधी धड आडव्या दिशेने समपातळीत आणा. मग दोन्ही पंखांवर धडापासून सारख्याच अंतरावरच्या रिबपाशी (पंखातल्या फासळीपाशी) पुढच्या आणि मागच्या कडेची उंची घ्या. ही चार मापं वहीत लिहा. कॉर्ड, म्हणजे पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी, १.३ मीटर असेल, तर पंखाच्या बसवणीच्या कोनात अर्ध्या अंशाचा फरक मागच्या कडेला सुमारे ११ मिलिमीटर दिसतो. नळी दोन मिलिमीटरपर्यंत सहज दाखवते, त्यामुळे एवढा दोष तिच्यातून सुटत नाही. जाता जाता दोन्ही पंखटोकांपासून शेपटीच्या एकाच बिंदूपर्यंत टेप लावा. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. तो बिंदू खरंच मध्यरेषेवर आहे का, हे ओळंबा सोडून जमिनीवरच्या दोरीवर ताडून घ्या.

मापं जुळली तर फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची, धडाजवळची खाली झुकणारी पाळी) बघा. पूर्ण वर असताना डावा फ्लॅप तीन-चार मिलिमीटर जरी लोंबत असला, तरी तुमचं कोडं सुटलं. फ्लॅप हलवणाऱ्या पुशरॉडच्या टोकाचे आटे फिरवून तो वर घ्या आणि लॉकनट विसरू नका. कोनातच फरक निघाला आणि पंखाला तिरका आधार असेल, तर मागच्या आधाराचा फोर्क फिरवून कोन सुधारता येतो. बोल्टाचं भोक मात्र कोरून मोठं करू नका. भोकाच्या केंद्रापासून पत्र्याच्या कडेपर्यंत बोल्टाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर राहायलाच हवं.

हे सगळं बरोबर असेल तर शेवटी एलेरॉनची मागची कड. तुमचे एलेरॉन दुमडलेल्या ॲल्युमिनियम पत्र्याचे आहेत, असं फोटोवरून दिसतं. दुमड फुगीर असली की एलेरॉन हवेत तरंगतो, नीट मध्यावर येत नाही. हलक्या बाजूच्या, म्हणजे तुमच्या डाव्या एलेरॉनची कड दोन लाकडी पट्ट्यांत धरून क्लॅम्पने जराशी दाबा आणि उडून बघा. अगदी थोडं थोडं करा, कारण जास्त दाबलेली कड परत फुगवता येत नाही. कापड चढवलेल्या एलेरॉनला हा उपाय लागू नाही.

टॅबची बाजू विचारली आहे म्हणून सांगतो. डाव्या एलेरॉनच्या खालच्या अंगाला, मागच्या कडेशी, वीतभर लांबीची लाकडी पाचर टेपने चिकटवली तर हवा तो एलेरॉन वर ढकलते आणि डावा पंख खाली येतो. निदानासाठी ही पाचर उत्तम. कायमची ठेवू नका.

प्रश्न (विटा) : चढताना उजवा पाय लागतो हे कळतं, पण क्रूझमध्येही (सरळ, एकसारख्या वेगाच्या उड्डाणात) बॉल उजवीकडेच राहतो. काय करावं?

कॉकपिटमधून बघताना पंखा (प्रोपेलर) घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर चढताना नाक डावीकडे ओढलं जाणं स्वाभाविक आहे. क्रूझमध्ये ते उरू नये. बॉल उजवीकडे म्हणजे उजवा रडर हवा, म्हणजे रडरची मागची कड उजवीकडे जायला हवी. त्यासाठी पाचर रडरच्या डाव्या अंगाला लावा. इथेच बहुतेकांची गफलत होते : टॅब जिकडे वळवाल, त्याच्या उलट दिशेला रडर जातो. बॉल मधोमध येईपर्यंत पाचरीची लांबी कमी-जास्त करा आणि मग त्या मापाचा पक्का पत्र्याचा टॅब बसवा. हे सगळं ठरलेल्या क्रूझच्या वेगाला करा; चढणीसाठी टॅब जुळवलात तर क्रूझमध्ये डावा पाय लागेल.

प्रश्न (इस्लामपूर) : आमचं विमान पुढे-मागे बसायचं आहे. एकटा असताना छान उडतं. मागे कुणी बसलं की ट्रिम पूर्ण पुढे करूनही नाक वर जातं, स्टिकही फार हलकी लागते. एलेव्हेटरला (शेपटीच्या आडव्या हलत्या पाळीला) मोठा टॅब बसवावा का?

नाही. कृपा करून मागच्या सीटवर कुणालाही बसवून उडू नका, अगदी एकदासुद्धा. हलकी स्टिक ही गुरुत्वमध्य फार मागे गेल्याची खूण आहे. अशा अवस्थेत स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल तुटली, आणि विमान गिरक्या घेत स्पिनमध्ये गेलं, तर नाक खाली घालायला एलेव्हेटर पुरणार नाही. टॅब मोठा केल्याने स्टिकवरचा जोर बदलेल, गुरुत्वमध्य आहे तिथेच राहील.

विमान पुन्हा तोला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती तोलायला असतात तसे, पडताळणीचा शिक्का असलेले तीन इलेक्ट्रॉनिक काटे तिन्ही चाकांखाली ठेवा. विमान उड्डाणात असतं तसं समपातळीत आणा, शेडची दारं बंद करा. वाऱ्याची झुळूकही आकडा हलवते. प्रत्येक चाकावरचं वजन गुणिले ठरलेल्या खुणेपासूनचं अंतर, तिन्हींची बेरीज, भागिले एकूण वजन, म्हणजे गुरुत्वमध्य. मग दोघांची वजनं आणि इंधन धरून तोच हिशेब पुन्हा करा.

तुम्ही लिहिलंय की इंजिनपाशी जागा नव्हती म्हणून सहा किलोची बॅटरी मागच्या सीटच्याही मागे बसवली. ती अडीच मीटर पुढे, फायरवॉलवर (इंजिनामागच्या पडद्यावर) आणली आणि भरलेलं विमान ४५० किलोचं असेल, तर ६ गुणिले २.५ भागिले ४५०, म्हणजे गुरुत्वमध्य ३३ मिलिमीटर पुढे येईल. सव्वा मीटर कॉर्डच्या पंखात हे अडीच टक्क्यांहून जास्त झालं. या एका बदलाने तुमचा प्रश्न सुटण्याची चांगली शक्यता आहे. पण आकडा विमानाच्या नकाशात दिलेल्या मर्यादेत बसतोय, हे कागदावर दिसल्याशिवाय मागची सीट रिकामीच ठेवा.

प्रश्न (मिरज) : पहाटे कंट्रोल केबल ढिल्या लागतात, दुपारी ताठ. रोज सकाळी टर्नबकल (केबलचा ताण बदलणारा आट्यांचा सांधा) आवळू का?

आवळू नका. धड ॲल्युमिनियमचं आणि केबल पोलादाची. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं. पाच मीटरच्या धडात, १२ अंशांच्या पहाटेपासून ४० अंशांच्या दुपारपर्यंत दोघांच्या वाढीत सुमारे दीड मिलिमीटरचा फरक पडतो. पहाटे आवळलेली केबल दुपारी पुलींवर आणि आधारांवर नको तितका ताण देईल. मिरजेत तंबोऱ्याच्या तारेचा ताण कानाने ओळखणारे कारागीर आहेत, इथे मात्र टेन्सिओमीटरच (ताणमापक) लागतो आणि त्या तापमानाला नकाशात दिलेला आकडा. टर्नबकलच्या बाहेर दोन्हीकडे तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, आणि सेफ्टी वायर प्रत्येक वेळी नवी.

प्रश्न (कुपवाड) : विमानासाठीचे एएन-३ बोल्ट संपले. बाजारातला चांगला ५ मिलिमीटरचा बोल्ट चालेल का?

नाही. एएन-३चा व्यास ४.७६ मिलिमीटर. पाचाचा बोल्ट बसवायला भोक वाढवावं लागेल, आणि मग मूळ बोल्ट त्यात कायमचा सैल. शिवाय जिथे बोल्टावर सांधा फिरतो, तिथे नायलॉनचा नट नको. खाचांचा नट आणि स्प्लिट पिनच हवी. बोल्ट येईपर्यंत काम थांबवा.

प्रश्न (फलटण) : ॲक्रिलिकच्या कॅनॉपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक छताला) स्क्रूच्या भोकांपासून तडे जातात. दोन शीट वाया गेल्या.

एक मीटरचं ॲक्रिलिक ३० अंशांच्या फरकात दोन मिलिमीटर वाढतं. भोक स्क्रूच्याच मापाचं असेल तर वाढायला जागा कुठे? भोकं सैल ठेवा, खाली रबराचा वॉशर घाला आणि स्क्रू बोटाने लागेल इतपतच आवळा. साध्या ड्रिलचं टोक ॲक्रिलिक ओरबाडतं, म्हणून प्लास्टिकसाठीचं ड्रिल घ्या. शीट उन्हात कोमट झाल्यावरच भोकं पाडा आणि काठ पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. पेट्रोल किंवा थिनरने कधीही पुसू नका.

प्रश्न (सातारा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी) : कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाबद्दल वाचून आम्ही चौघांनी एक अर्धवट विमान घेतलं. एलेव्हेटरवर पोचे आहेत. पुट्टी भरून रंगवलं तर चालेल ना?

तुम्ही हात घातलात याचा मला मनापासून आनंद झाला. पण पुट्टीचा डबा आधी बाजूला ठेवा. हिंजच्या (बिजागरीच्या) मागे वाढलेलं थोडंसं वजनही एलेव्हेटरचा तोल बिघडवतं, आणि तोल बिघडलेला एलेव्हेटर ठरावीक वेगाला फडफडू लागतो. याला फ्लटर म्हणतात. त्यात शेपूट काही सेकंदांत तुटू शकते. ट्रिम टॅबच्या हिंजमध्ये खेळ असेल तरीही हेच होतं. टॅब दोन बोटांत धरून हलवून बघा, टकटक जाणवली तर पिन बदला.

पोचे उथळ असतील तर तसेच राहू देत. रंग द्यायचाच असेल तर जुना खरवडून काढा, पातळ थर द्या. मग एलेव्हेटर विमानावरून सोडवून घर्षण नसलेल्या दोन टेकूंवर हिंजरेषेवर ठेवा. नकाशात सांगितल्याप्रमाणे तो सपाट राहतोय किंवा पुढून खाली येतोय का, ते बघा. मागून खाली गेला तर पुढच्या बॅलन्स वजनात भर घाला आणि पुन्हा ठेवून बघा. प्रत्येक वेळचं वजन ग्रॅममध्ये वहीत लिहा, आणि ती वही पुढच्या पत्रासोबत मला पाठवा.