वाचकांचे प्रश्न: किल्ले, वारा आणि ओहोटी

प्रश्न : डिसेंबरात दोन दिवसांत पणजीहून तेरेखोलपर्यंत सायकलने जायचा बेत आहे. रेईश मागूश, आग्वाद, शापोरा, तेरेखोल असे किल्ले ओळीने बघत जावं म्हणतो. क्रम ठीक आहे ना? (एक वाचक, म्हापसे)

उत्तर : नकाशावर ठीक आहे, रस्त्यावर नाही. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर सकाळी जमिनीकडून मंद वारा असतो. दुपारी बारानंतर वायव्येकडून समुद्रवारा सुटतो आणि तीन-चारला तो ऐन जोरात असतो. उत्तरेकडे जाणाऱ्याच्या तोंडावरच तो येतो. त्यातून रेईश मागूश आणि आग्वाद काही उजाडताच उघडत नाहीत. त्यांच्यासाठी थांबलात तर शापोऱ्यापुढची वाट उन्हात आणि वाऱ्याविरुद्ध काढावी लागेल.

म्हणून जाताना ते दोन्ही सोडा. पहाटे बेतीची फेरीबोट घ्या आणि वेरे, नेरूल, साळगाव, आसगाव करत शापोऱ्याला पोचा. हे अंतर साधारण 20 किलोमीटर आहे. शापोऱ्याला फाटक नाही, तिकीटही नाही. आज दिसतो तो किल्ला पोर्तुगीजांनी 1717 साली बांधला आणि 1739 मध्ये तो मराठ्यांकडे आला. वर गेलं की हा किल्ला इथेच का, ते कळतं, कारण नदीचं मुख पूर्ण टप्प्यात येतं. सायकल पायथ्याशी कुलूप लावून ठेवा. चढावर सुटा जांभा आहे. क्लीटच्या (पेडलला अडकवायच्या) बुटांनी तिथे पाय घसरतो, साध्या चपला बऱ्या. मग शिवोलीचा पूल, चोपडे, मोरजी, मांद्रे करत अकराच्या आत हरमलला पोचून मुक्काम करा.

दुसऱ्या दिवशी केरीहून फेरीने तेरेखोल. हरमल ते केरी अंतर थोडं आहे, पण मध्ये चढ आहे. हा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा होता, 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता. तिथून साडेनऊपर्यंत परत निघालात की दुपारचा वारा पाठीवर येतो. आग्वाद (1612) आणि शेवटी रेईश मागूश (1551) तेव्हा बघा. फक्त परतीचा दिवस सोमवार नको, रेईश मागूश बंद असतो. सिंकेरीहून आग्वादचा चढ सरळ उभा आहे, गिअर नसतील तर उतरून ढकला. ‘आग्वाद’ नाव पाण्यावरून पडलंय, जहाजं इथे गोडं पाणी भरून घेत. तुमच्या बाटल्या मात्र खालीच भरून घ्या. माणशी तीन लिटर लागतं.

प्रश्न : केरीची फेरी कधीकधी बंद असते म्हणे. ते आधी कसं कळणार? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : ओहोटीला पाणी फार उतरलं की फेरी थांबते, म्हणून कॅलेंडर बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हे दर्यावर्दी माणसांचं जुनं गणित. ते इथे चालतं. अमावास्या-पुनवेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमाराला आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ पाचच्या आसपास. उधाणाची (अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीची) ओहोटी खोल जाते, त्यामुळे त्या दिवसांत सकाळच्या फेऱ्यांत खंड पडण्याची भीती जास्त. अष्टमीला 8 ची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती. शिवाय भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्याने पाणी फार उतरतच नाही. तेव्हा सप्तमी ते नवमीतली सकाळ धरा, पक्ष कुठलाही चालेल. फेरी चुकलीच तर किरणपाणी-आरोंदा पुलाचा वळसा आहे. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं. तिथे सायकलवरून उतरायचं, ब्रेक दाबत जायचं नाही.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात मुरगावला जर्मन जहाजं बुडाली. ती जागा सायकलवरून बघता येते का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बंदरात जाता येत नाही, ते सुरक्षा क्षेत्र आहे. पणजीहून मिरामारमार्गे दोनापावलच्या धक्क्यावर या. सात-आठ किलोमीटर, बहुतेक सपाट. समोर झुवारीपलीकडे बंदर दिसतं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून ब्रिटिशांनी उघड फौज न पाठवता कलकत्ता लाइट हॉर्सच्या उतारवयातल्या हौशी घोडेस्वारांना एका गाळ उपसणाऱ्या बार्जवरून पाठवलं. 9 मार्च 1943 च्या पहाटे त्यांनी एरेनफेल्स या जर्मन जहाजावर चढाई केली. जहाजांच्या हालचालींच्या बातम्या तिच्या बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना जातात, असा संशय होता. ही चढाई पाहून बाकीच्या तीन जहाजांच्या खलाशांनी, म्हणजे दोन जर्मन आणि एक इटालियन, आपली जहाजं स्वतःच बुडवली.

तिथूनच डावीकडे, बांबोळीच्या बाजूला बघा. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय नौदलाशी झालेल्या चकमकीत जखमी झालेली अफोंसो द आल्बुकेर्क ही पोर्तुगीज युद्धनौका त्या किनाऱ्याला लागली होती. आता तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही, नजर लावून अंदाज घ्यायचा एवढंच. राजभवनाच्या वाटेवर ब्रिटिशांची जुनी दफनभूमी आहे, नेपोलियनच्या काळात त्यांची फौज इथे होती तेव्हाची.

प्रश्न : किनाऱ्यावर सायकल चालवली की साखळी चार दिवसांत गंजते. काय करावं? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : त्याच संध्याकाळी मगाने गोडं पाणी ओता. जोराची पाइप नको, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. कापडाने पुसून साखळीच्या प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब सोडा, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. दाट तेल माखून ठेवलं की वाळू चिकटते आणि साखळी कानशीसारखी दाते खाते. ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे सुईने काढा, नाहीतर रिम चरते. आणि पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटनळी असेल तर ती काढून ग्रीस लावून परत बसवा. मिठाने ती एकदा धरली की हातोड्यालाही दाद देत नाही.