अमोनियात ओएच नाहीच, मग तो आम्लारी कसा काय?

तुझा गोंधळ बरोबर जागी झालाय, कारण पुस्तकात पहिली व्याख्या येते ती अऱ्हेनियसची, की पाण्यात एच प्लस देतं ते आम्ल आणि ओएच मायनस देतं ते आम्लारी. एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) आणि सोडियम हायड्रॉक्साइडला ती फिट्ट बसते, पण अमोनियाशी आली की अडते.

१९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून सांगितलं की प्रोटॉन, म्हणजे तोच एच प्लस, देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी, बस. आता बघ, अमोनिया पाण्यात टाकला की तो पाण्याकडूनच एक प्रोटॉन ओढून घेतो, स्वतः अमोनियम होतो आणि पाण्याचं जे उरतं तेच ओएच मायनस, म्हणजे ओएच आला पाण्यातून, अमोनियातून नाही! मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलेलं. आणि इथे पाणी आम्ल झालं बरं का, एचसीएलसोबत मात्र तेच पाणी आम्लारी होतं.

लॅबमध्ये सरांना सांगून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटल्यांची तोंडं जवळ आणलेली बघ, मधल्यामध्ये पांढरा धूर होतो, तो अमोनियम क्लोराइड, वायूतल्या वायूत प्रोटॉनची देवाणघेवाण, पाणी लागतच नाही.

लुईसची इलेक्ट्रॉन जोडीवाली व्याख्या अजून मोठी आहे, ती अकरावी-बारावीत येईलच.